गादीवाफ्याची माती : ब्रास मागवण्याआधी मूठभर तपासा

मे महिन्यात नागपूरकडच्या काळ्या जमिनीच्या भेगांत हात जातो. जुलैत तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच साचते. झड लागली की वांगी-मिरचीची रोपे त्यातच सडतात. गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा, करायचा तो या पाण्यातून मुळे सोडवायला, म्हणून त्यात निव्वळ काळी माती भरू नका.

ब्रासने (शंभर घनफुटांच्या मापाने) माती मागवण्याआधी मूठभर नमुना ओला करून पेन्सिलीएवढी वळी करा. न तडकता तिचे कडे झाले तर माती फार चिकट, ती नको. वळीच होत नसेल तर ती पाणी धरणार नाही. वळी होते पण वाकवताना तडकते, ती माती घ्या. मग सुक्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसून फेस आला तर चुनखडी आहे. अशा मातीत पिकाला लोह मिळत नाही. कोवळे पान पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. संत्रावाल्यांना हे पान चांगले ओळखीचे आहे. भरपूर चुना असलेली माती गंधकानेही सहजी सुधारत नाही, ती परत पाठवलेलीच बरी. पाडलेल्या बांधकामाच्या मलब्याचेही तेच.

३ मीटर लांब, १ मीटर रुंद, ३० सेंटिमीटर उंच वाफ्याला १५ लिटरची ६० घमेली लागतात. मध्यम काळी माती २४, भरड रेती १२, कुजलेले शेणखत १८, जुना कुजका धानाचा तूस ६. तूस भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमधून मिळतो; ताजा घातला तर कुजताना मातीतले नत्र खातो. रेती बारीक नको, आणि दोन-चार घमेल्यांनी भागत नाही : तेवढ्याने काळी माती वाळून विटेसारखी होते. शेणखतात हात घातल्यावर गरम लागले किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चे आहे. त्यासोबत हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, येते.

मातीतले तणाचे बी आणि रोगाची बुरशी मारायला नागपूरचे ऊन इथे फुकटचे औषध आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात माती वीतभर थरात पसरा, पूर्ण भिजवा, पारदर्शक पॉलिथिनने झाकून कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे हलवू नका. काळे पॉलिथिन इतके तापवत नाही. लव्हाळा या तणाच्या गाठी मात्र उन्हाने सगळ्या मरत नाहीत, त्या आधीच चाळून काढा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) वापरायचा तर पॉलिथिन काढल्यावर शेणखतात मिसळा. आधी घातला तर तोही उन्हात मरतो.

भरण्याआधी खालची जमीन वीतभर खणून मोकळी करा. तळाला गिट्टीचा थर देऊ नका, पाणी त्याच्या वर अडते. दोन-तीन पावसांनंतर वाफा चार बोटे खचेल, ती जागा शेणखताने भरा.