चांगलं जॅकेट, चांगले बूट: या चुका टाळा

"एवढ्या चांगल्या ब्रँडचं घेतलं, तरी वर्षात वाट लागली," अशी तक्रार ऐकली की आधी विचारावं, त्याचं नेमकं केलं काय? वस्तू निकृष्ट निघाली असं क्वचितच असतं. एखादी पट्टी, एखादा टाका किंवा एखादा आकडा कशासाठी आहे हे न कळल्यामुळे घोळ होतो. काढायचं ते राहून जातं, ठेवायचं ते कापलं जातं आणि कापडाच्या किंवा कातड्याच्या स्वभावालाच दोष समजून भलते उपाय केले जातात.

उसवायचं काय, राहू द्यायचं काय

नव्या कोटाला मागच्या चिरेवर फुलीच्या आकाराचा एक ठसठशीत टाका असतो. वाहतुकीत चीर वाकडी होऊ नये म्हणून घातलेली ती कच्ची शिलाई. ती तशीच ठेवून समारंभात मिरवणारे लोक प्रत्येक ठिकाणी दिसतात. बाहीच्या टोकाला बाहेरून टाचलेलं लेबलही असंच काढून टाकायचं असतं. खिशांची तोंडं शिवलेली असतील तर आधी आतल्या बाजूने चाचपून पिशवी हाताला लागते का ते पाहा. काही खिसे नुसते दाखवायचे असतात, आणि ते उघडायला गेलात तर कात्री थेट कापडात जाते.

याच्या अगदी उलट चूक मार्जिएला या फॅशन घराण्याच्या कपड्यांवर होते. १९८८ साली सुरू झालेल्या या घराण्याची खूण म्हणजे मानेमागे बाहेरून दिसणारे चार पांढरे टाके. आतली लेबलची पट्टी त्या चार टाक्यांवरच धरलेली असते. कच्चा धागा राहिला असं समजून कुणी ते कापतो आणि पट्टी हातात येते. पट्टीवर ० ते २३ आकडे असतात आणि त्यातल्या एकाभोवती वर्तुळ असतं. १० म्हणजे पुरुषांचे कपडे, २२ म्हणजे पादत्राणं. हा साइजचा आकडा समजून मागवणारेही भेटतात.

स्टोन आयलंडचा बिल्ला डाव्या बाहीवर दोन बटणांनी अडकवलेला असतो. मासिमो ऑस्ती यांनी १९८२ मध्ये हा ब्रँड उभा केला, तेव्हापासून बिल्ला असाच आहे. निघतो म्हणून तो सैल लागलाय असं समजून चारही बाजूंनी शिवून टाकू नका. धुण्याआधी काढायचा, वाळल्यावर परत लावायचा. कॉमन प्रोजेक्ट्सच्या बुटांच्या टाचेवरचे सोनेरी आकडे हा अनुक्रमांक नव्हे. त्यात मॉडेल, साइज आणि रंगाचा कोड असतो. जुना जोड विकत घेताना त्यातली साइज आणि विकणारा सांगतो ती साइज जुळते का, हे आधी पाहावं. ते आकडे कडक ब्रशने घासले तर पुसट होत जातात, तेवढं सांभाळा.

जॅकेट अल्टर करायला देताना

बाराकुटाचं जी-९ हे १९३७ पासून चालत आलेलं आखूड जॅकेट. रॅग्लन बाही (थेट गळ्यापर्यंत जाणारी), कमरेला विणलेली पट्टी, आत फ्रेझर या स्कॉटिश घराण्याचं टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड. रॅग्लन बाहीला खांद्याच्या टोकावर शिवणच नसते, त्यामुळे "खांदा बसत नाही" ही तक्रार इथे लागू पडत नाही. बघायचं ते छाती आणि कमरेची पट्टी. ती पट्टी कमरेवरच बसायला हवी. लांबी हवी म्हणून एक साइज मोठं घेतलं तर मधलं कापड फुग्यासारखं लोंबतं. वैमानिकांसाठी केलेल्या एमए-१ जॅकेटचंही तेच. त्याचं नारिंगी अस्तरही शोभेचं नव्हतं. अपघातानंतर जॅकेट उलटं घालून शोधपथकाच्या नजरेस पडावं, हा त्यामागचा हेतू होता.

पावसाळी जॅकेट मात्र साध्या शिंप्याकडे देऊच नका. आतून पाहिलं तर प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली दिसते, कारण सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला एक वाट. बाजू आत घेतली, छातीवर हौसेने बिल्ला शिवला, पिन टोचली, की तिथून गळती सुरू. आणि मग दोष कंपनीला.

"वॉटरप्रूफ आहे, तरी भिजलो"

पावसाळी जॅकेटांतल्या गोर-टेक्स या जलरोधक पडद्याचं मूळ १९६९ साली बॉब गोर यांना सापडलेल्या ताणलेल्या पीटीएफईमध्ये (टेफ्लॉन जातीच्या प्लॅस्टिकमध्ये) आहे. १९७० च्या दशकात त्याची जॅकेट बाजारात आली. पडद्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडते. हा पडदा आतल्या थरात असतो. त्याच्या बाहेरचं, आपल्याला दिसणारं कापड जलरोधक नसतंच. त्यावर फक्त पाणी निथळून जाईल असा एक लेप असतो.

वापराने, अंगाच्या तेलाने आणि धुळीने हा लेप निष्प्रभ होतो. मग थेंब मोत्यासारखे घरंगळण्याऐवजी कापडात मुरतात, खांदे गडद दिसू लागतात आणि जॅकेट जड होतं. आतला पडदा अजून धड असतो, पण ओल्या कापडातून वाफ बाहेर पडू शकत नाही, म्हणून घाम आत साठतो. अंग ओलं लागतं आणि माणूस म्हणतो, गळलं.

खरंच गळतंय की घाम आहे, हे ओळखणं सोपं आहे. पाठ आणि काखा एकसारख्या दमट असतील तर घाम. एखाद्याच शिवणीच्या रेषेवर ओल असेल आणि आतली पट्टी कडेने सुटून वर आलेली दिसत असेल तर गळती.

घामाच्या बाबतीत लोक नेमकं उलटं वागतात: जॅकेट धुतलं तर खराब होईल म्हणून दोन-दोन वर्षं धुतच नाहीत. ते धुवायलाच हवं. आतल्या लेबलवर जे सांगितलंय ते पाळून, साधारण ४० अंशांच्या पाण्यात, थोडासा द्रव साबण घालून, सगळ्या झिपा लावून. कपडे मऊ करणारं कंडिशनर अजिबात नको, ब्लीच नको आणि साबण राहू नये म्हणून दोनदा खळबळून घ्यायचं. वाळल्यावर ड्रायरमध्ये मंद आचेवर वीसेक मिनिटं फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. ड्रायर नसेल तर मधे टॉवेल ठेवून, वाफ बंद करून, कोमट इस्त्री फिरवायची. एवढं करूनही पाणी मुरतच असेल तर फवारायचा लेप मिळतो, तो मारावा. पण स्वच्छ कापडावरच, मळक्यावर मारलेला टिकत नाही.

स्वस्तातल्या जॅकेटांत वेगळा पडदा नसतो, कापडाला आतून पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा थर दिलेला असतो. बरीच वर्षं दमट कपाटात राहिला की तो चिकट होतो, पापुद्रे सुटतात. त्यावर उपाय नाही. धुवून, घासून, लेप मारून वेळ घालवू नका.

मेणाचं जॅकेट हा वेगळाच प्राणी

वरची धुण्याची पद्धत बार्बरच्या मेण दिलेल्या जॅकेटवर वापरलीत तर त्याचा निकाल लागला म्हणून समजा. मशीन, गरम पाणी, साबण यांनी मेण निघून जातं, आणि कापड सुकं, सुरकुतलेलं होतं. थंड पाण्यात बुडवून पिळलेल्या स्पंजने पुसणं एवढीच त्याची स्वच्छता. साउथ शील्ड्स इथली ही कंपनी १८९४ पासूनची, आणि मेण पुन्हा चढवणं हा तिच्या जॅकेटच्या आयुष्याचा ठरलेला भाग आहे. वर्षातून एकदा, किंवा कोपर, खांदे आणि घड्या फिकट पडल्या की करायचं. डबी गरम पाण्यात ठेवून मेण पातळ करा, कापडाने शिवणींवर आणि घड्यांवर जास्त चोळा, हेअर ड्रायरची गरम हवा मारत सारखं पसरवा. सर्वांत जास्त चुकतं ते इथे: हौसेने भरमसाट मेण लावलं जातं आणि मग ते गाडीच्या सीटला लागत राहतं. कापडावर पांढुरकी साय दिसली की समजा जास्त झालं, पुन्हा गरम हवा मारून पुसून घ्या.

प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये ठेवू नका. बुरशी धरते.

डाउन जॅकेटचा आकडा

डाउन म्हणजे पिसं भरलेल्या जॅकेटच्या लेबलवर ८०० फिल पॉवर दिसलं की ते ६०० पेक्षा उबदार, असा सर्रास समज आहे. या आकड्याचा अर्थ एवढाच की एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसं फुलून ८०० घन इंच जागा व्यापतात. पिसांचा दर्जा त्यातून कळतो, जॅकेटमध्ये किती पिसं भरली आहेत ते कळत नाही. १०० ग्रॅम ८०० वाली पिसं आणि २०० ग्रॅम ६०० वाली यांची तुलना केली तर दुसऱ्यात फुललेला भराव दीडपट निघतो. तेव्हा भरावाचं वजनही विचारा. ८०० चा खरा फायदा म्हणजे तेवढीच ऊब कमी वजनात मिळते.

शिवणीतून पीस डोकावलं तर बाहेर ओढू नका. एक ओढलं की भोक मोठं होऊन मागोमाग दुसरं येतं. आतल्या बाजूने चिमटीत धरून परत आत घ्या. धुतल्यावर गोळे झालेत म्हणजे पूर्ण वाळलेलं नाही, एवढंच. दोन-तीन टेनिस बॉल घालून मंद ड्रायरमध्ये, मधूनमधून हाताने गोळे मोडत, वाटतो त्याहून बराच जास्त वेळ वाळवावं लागतं.

दोन रनरची झिप

लांब जॅकेटांना वर आणि खाली असे दोन रनर असतात, बसताना खालून उघडता यावं म्हणून. ही झिप लावताना दोन्ही रनर अगदी तळाशी, एकमेकांना टेकलेले हवेत. खालचा रनर अर्धा बोट जरी वर राहिला तरी दुसऱ्या बाजूची पिन दोन्हींतून तळापर्यंत जात नाही. माणूस जोर लावतो, दात वाकडे बसतात, दोन-चार वेळा असं झालं की पिनेजवळची कापडी पट्टी फाटते. आणि ती फाटली की मात्र अख्खी झिप बदलावी लागते.

रनर पुढे गेला आणि मागे दात उघडेच राहिले, तर दात बहुधा ठीक असतात, रनर सैलावलेला असतो. पक्कडने त्याच्या दोन्ही कडा अगदी हलक्या, एकेक करून दाबा. तरी नाही जमलं तर नुसता रनर बदलून मिळतो. वायकेके या झिप कंपनीच्या रनरच्या पाठीवर ५, ८, १० असा आकडा असतो, त्याच मापाचा मागायचा. अडकणाऱ्या धातूच्या झिपेला पेन्सिलीचं शिसं घासलं तरी पुरतं. तेल नको, ते कापडात उतरतं.

बुटाची साइज

ब्रिटिश साइजचा एक टप्पा एक तृतीयांश इंच, म्हणजे ८.४६ मिलिमीटर. युरोपीय साइजचा टप्पा ६.६७ मिलिमीटर. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर नीट बसतच नाहीत, म्हणून तक्त्यातलं "४२ म्हणजे ८" हे दर ब्रँडला थोडं सरकतं. अमेरिकन आकडा ब्रिटिशपेक्षा साधारण एकाने मोठा असतो, काही स्पोर्ट्स शूजमध्ये अर्ध्याने. तुमची स्पोर्ट्स शूजची साइज चामड्याच्या बुटांना जशीच्या तशी लावणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. रेड विंगचे आयर्न रेंजर हे चामडी बूट बरेच लोक त्यापेक्षा अर्ध्या साइजने लहान घेतात, ते यामुळेच.

अंगठ्यापुढे किती जागा आहे हे सगळेच दाबून बघतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चवड्याचा रुंद भाग बुटाच्या रुंद भागात बसतोय का, बूट तुमचा पाय दुमडतो तिथेच दुमडतोय का. पाय मोजण्याच्या ब्रॅनॉक पट्टीवर टाच ते चवडा हे वेगळं माप असतं. लांब बोटांच्या आणि आखूड बोटांच्या माणसाची एकूण लांबी सारखी असली तरी बूट वेगळे लागतात. संध्याकाळी मोजा, दोन्ही पाय मोजा, मोठ्या पायाचं माप धरा. चामडं रुंदीत सैल होतं, लांबीत नाही. नव्या गुडइयर वेल्ट (सोल पट्टीला शिवून बसवलेल्या) बुटात टाच किंचित निसटत असेल तर काही बिघडलेलं नाही. सोल वाकायला लागला की ते बरंचसं थांबतं.

सोल: पुन्हा बसतो का, आणि कधी आपोआप सुटतो

गुडइयर वेल्टमध्ये वरचं चामडं आणि आतला तळवा एका पट्टीला शिवलेले असतात, आणि बाहेरचा सोल त्या पट्टीला. म्हणून सोल झिजला की तो तेवढाच काढून नवा बसवता येतो. कडेला टाके दिसले म्हणजे असं होईलच, असं मात्र नाही. डॉक मार्टेन्सच्या १४६० बुटात (पहिला जोड १ एप्रिल १९६० चा) पिवळी शिवण खरी असते, पण ती पट्टी सोलला उष्णतेने जोडलेली असते. नेहमीच्या कारागिराला तो सोल बदलणं जड जातं. क्लार्क्सच्या डेझर्ट बूटचा क्रेप सोल हा नैसर्गिक रबर आहे. तो काळा पडतो, उन्हात तापलेल्या फरशीवर मऊ होतो, आणि पेट्रोल किंवा थिनरने पुसला तर विरघळायला लागतो. तारेच्या ब्रशने वरचा मळका थर घासून काढा.

न वापरता डब्यात जपून ठेवलेले बूट टिकतात, हा भ्रम मात्र सोडा. अनेक स्पोर्ट्स शूज आणि ट्रेकिंग बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेतल्या ओलाव्याने तो आतून तुटत जातो. एकदाही न घातलेले १९८० च्या दशकातले एअर जॉर्डन आज पायात घातले की सोलचा भुगा होतो, तो यामुळे. दमट हवेत हे लवकर घडतं, आणि नियमित घातलेले बूट उलट जास्त टिकतात. भुगा झालेल्या थरावर कुठलाच गोंद धरत नाही, कारण ज्याला तो चिकटतो तेच सुटत असतं. वरचं चामडं धड असेल तर पूर्ण मधला थर बदलून घ्या. बरीच वर्षं पडून असलेले ट्रेकिंग बूट घालून निघायचं असेल तर आधी सोलच्या कडेला अंगठ्याचं नख दाबून बघा, आणि बूट वाकवून तडे दिसतात का ते पाहा. नखाची खूण तशीच राहिली किंवा कडेने पावडर पडली, तर ते बूट घरीच ठेवा.