अल्बम पूर्ण ऐकायचाय? मग मक्याचा कीस करायला घ्या

अडचण अशी की नवा अल्बम लावला तरी तिसऱ्या गाण्याला हात फोनकडे जातोच. हात कामात गुंतवले की तो पुरा ऐकून होतो.

१. आधी अल्बमची लांबी बघा, मग पदार्थ ठरवा. आमच्या इंदूरकडचा मक्याचा कीस मंद आचेवर, दूध घालत, सतत हलवत करायचा तर चाळीसेक मिनिटं जातात. त्याला पिक्सीज या अमेरिकन रॉक बँडचा 'डूलिटल' (१९८९, साधारण ३९ मिनिटं) बरोब्बर. दबक्या आवाजातून गाणी अचानक किंचाळतात, त्यामुळे कढईपाशी डुलकी लागत नाही.

२. मुगाची खिचडी, कढी आणि पापड असा रात्रीचा बेत असेल तर पोर्टिसहेड या ब्रिटिश बँडचा 'डमी' (१९९४, सुमारे ४९ मिनिटं). संथ ठेका, थोडा उदास; गरम तुपाच्या धारेबरोबर मला तो भलताच आवडला. सकाळच्या पोह्यांना मात्र अल्बम लावूच नका. पोहे दहा मिनिटांत होतात, आणि जिलबी आणायला कोणीतरी बाहेर जाणारच.

३. डीलक्स आवृत्ती टाळा, जादा गाण्यांनी हिशेब चुकतो. शफल आणि ऑटोप्ले बंद. संगीत थांबलं की गॅसकडे बघायचं.

४. जेवताना फोनमध्ये एकच ओळ लिहा: पदार्थ, अल्बम, कसा वाटला. 'खिचडीवाला' एवढ्यावरूनही पुढे आठवतो.

इअरफोन नकोत, स्पीकरच लावा. नाहीतर कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत.