बंद कोळसा खाणीच्या जमिनीचं प्लॅनिंग: या कामात नवीन येणाऱ्यांसाठी

या कामात येऊ पाहणारे बरेच जण विचारतात की सुरुवात कुठून करू, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझं शिक्षण आधी सिव्हिल, मग प्लॅनिंग, आणि बंद पडलेल्या खाणीच्या जमिनीवर पुढे उद्योग आणायचे, सोलर टाकायचं की झाडं लावायची हे ठरवणाऱ्या टीममध्ये मी आता बरीच वर्षं आहे.

पहिल्या प्रोजेक्टला मी सगळ्यात आधी नकाशाच रंगवला. मोठी सपाट जागा होती, तिथे गोदामं, रस्ते आणि किती जणांना नोकऱ्या लागतील त्याचा आकडासुद्धा काढून मोकळी झाले. मग आमच्या जिओटेक्निकलवाल्या, म्हणजे माती-खडकाची ताकद तपासणाऱ्या मॅडमनी मला साइटवर नेऊन वॉचमनच्या रिकाम्या खोलीसमोर उभं केलं. भिंतीला जोत्यापासून छतापर्यंत तिरकी भेग, तिच्यात माझी तीन बोटं सहज गेली, आणि दार चौकटीत इतकं घट्ट बसलेलं की हलेना. ती खोली भरावावर बांधलेली होती. ओपनकास्टमध्ये, म्हणजे वरून उघड्यावर खोदलेल्या खाणीत, कोळशावरची माती आणि दगड, म्हणजे ओव्हरबर्डन, परत खड्ड्यात टाकतात, ते वर्षानुवर्षं दबत राहतं आणि खाणीतलं पाणी उपसणारे पंप बंद झाल्यावर भूजल वर चढून तो भराव पहिल्यांदा भिजला की आणखी खाली बसतो. माझी सगळी गोदामं त्याच भरावावर होती.

तेव्हापासून मी आधी खाली काय आहे ते बघते, मग पाणी, मग जमीन कोणाच्या नावावर आणि पुढची जबाबदारी कोणावर, आणि वर काय करायचं ते सगळ्यात शेवटी.

पाण्याचा विषय नीट शिका, खरंच. कोळशाच्या थरात बऱ्याचदा पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज असतं, त्याला हवा आणि पाणी मिळालं की आम्ल तयार होतं, ओढ्याच्या दगडांवर नारिंगी थर दिसला की समजायचं. जर्मनीत नाख्तरश्टेटला जुन्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीत तळं भरत असताना जुलै २००९ मध्ये काठ खचला, घरं खाली गेली, तीन माणसं गेली. "खड्डा आहे ना, मग तळं करू, बोटिंग ठेवू" असं मीटिंगमध्ये कोणी पटकन म्हणालं की मला हे आठवतं आणि मी आधी उताराच्या स्थिरतेचा रिपोर्ट मागते. पण हेच पाणी कामाचंही ठरतं, नेदरलँड्सच्या हेर्लेनमध्ये बुडालेल्या खाणीतल्या कोमट पाण्यावर २००८ पासून इमारती उबदार ठेवतात.

नवीन लोक जमीन किती हेक्टर ते बघतात, पण गुंतवणूकदार बऱ्याचदा विजेचं सबस्टेशन, रेल्वे सायडिंग (मालगाडीचा खाणीपर्यंतचा जोडरूळ) आणि जड वाहनं पेलणारा रस्ता बघतो. खाण बंद झाली की हे पहिलं भंगारात जातं, ते वाचवायचं असेल तर बंद व्हायच्या आधीच प्लॅनिंग सुरू व्हायला हवं.

सोलर सोपं पडतं, हलक्या पायावर उभं राहतं, फक्त ते उभारताना माणसं लागतात आणि नंतर अगदी थोडी, त्यामुळे खाणीतल्या रोजगाराची जागा ते एकटं भरून काढेल असं गावाला सांगू नका. आणि खाणीचं म्युझियम केल्याची उदाहरणं दाखवताना किती वेळ लागला ते पण सांगा, जर्मनीतल्या एसेनची त्सोलफेराइन खाण १९८६ ला बंद झाली आणि युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली २००१ ला, मधली पंधरा वर्षं सरकारी पैसा आणि चिकाटी दोन्ही लागलं.

शिकायचं म्हणाल तर क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर), बोअरहोलचा लॉग, म्हणजे ड्रिल केलेल्या भोकात कुठल्या खोलीवर काय लागलं त्याची नोंद वाचणं, आणि वीस-तीस वर्षांचा खर्च-उत्पन्नाचा साधा हिशोब मांडणं. समाजशास्त्र किंवा कॉमर्समधून येत असाल तरी चालेल, फक्त साइटवर जायचा कंटाळा नको.

जुन्या कामगारांसोबत फिरा. एकदा एका रिटायर्ड काकांनी झुडपात काठी टेकवून सांगितलं की इथे हवेचा शाफ्ट, म्हणजे खाणीत हवा सोडायचा उभा बोगदा होता, आम्ही लाकडं टाकून वरून माती ओढली होती. आमच्या नकाशात तिथे काहीच नव्हतं आणि प्लॅनमध्ये मुलांचं मैदान होतं. ड्रिलिंग करून बघितलं तर पोकळी निघाली. मैदान हलवलं, शाफ्ट भरून वर काँक्रीटची टोपी बसवली, आणि नकाशावर तो ठिपका काकांना शेजारी बसवूनच टाकला.