पावसात मान टाकलेला मिग-२५

साताऱ्याच्या जुलैत पापड मऊ पडतात, तिथं कागदाचं विमान काय टिकणार! मी बनवत होतो मिग-२५ चं टेहळणी रूप. आपल्या हवाई दलात हे 'गरुड' नावानं १९८१ ते २००६ होतं, तळ बरेलीला. १:१०० मापात पंखांचा विस्तार साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास.

चौथ्या दिवशी उजवा पंख लोंबला. आधी वाटलं, असू दे, खऱ्या मिगचे पंखही टोकाकडे किंचित खाली झुकलेलेच असतात. पण डावा मात्र ताठ! शिवाय हवा घेणाऱ्या चौकोनी तोंडांपैकी एक पिळवटलेलं.

चूक माझीच. झेरॉक्सचा पातळ कागद आणि त्यावर फेव्हिकॉलचा सढळ हात. ओला गोंद कागद फुगवतो, वाळताना तो आक्रसतो आणि वाकतो.

मग पोवई नाक्यावरून १८० जीएसएमचा (चौरस मीटरला १८० ग्रॅम, म्हणजे जाडसर) कार्डशीट आणला. घड्यांवर संपलेल्या रिफिलनं रेघ ओढली, म्हणजे कोपरे धारदार येतात. गोंद टूथपिकनं, अगदी पुसट. दोन्ही पंखांच्या आतून धडातून आरपार खराट्याची एकच काडी घातली, ती मधोमध हलकीशी वाकवून. (आईनं खराटा मोजला नाही, नशीब.) हवेच्या तोंडांत पुठ्ठ्याची चौकट बसवली. कापलेल्या पांढऱ्या कडा राखाडी स्केचपेननं रंगवल्या, आणि जुळवण्याआधी सगळे भाग रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवले.

आता महिना झाला, दोन्ही पंख सारखेच झुकलेले. शेपटीचा डावा उभा पंख मात्र जरा तिरका आहे. तो भिंतीकडे केलाय.