घरचं माणूस इडिटारॉडला निघालंय? मग हे वाचाच

इडिटारॉड म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजची (बर्फावरच्या घसरगाडीची) शर्यत, अलास्कात अँकरेज ते नोम, जवळपास 1600 किमी, आणि वाटेत बाहेरच्यांनी मदत करायची नाही हा नियमच आहे, म्हणजे चेकपॉइंटला भेटलात तरी कुत्र्याच्या पायात बूट चढवायलाही पुढे व्हायचं नाही. तुमचं खरं काम आधीच, चेकपॉइंटला पाठवायच्या पिशव्या भरताना: खाणं, कुत्र्यांचे बूट, कोरडे मोजे, आणि मोज्यात एक चिठ्ठी कोंबा, हसू येईल अशी, रडवणारी नको हां. जीपीएसवरचा ठिपका तासन्‌तास हलत नसेल तर लगेच घाबरू नका, 24 तासांची सक्तीची विश्रांती असते. स्लेज ओढणाऱ्या टीममधून वाटेत काढलेली कुत्री परत येतात, ती सांभाळायची तयारी ठेवा. नोमला पोचल्यावर मिठी मारा आणि झोपू द्या, प्रश्न नंतर.