सेंद्रिय मोसंबीत या चुका टाळा: ताण, पाणी आणि झाडाचं बुड

आमच्या जालना-अंबड पट्ट्यात कुणी मोसंबीची बाग सेंद्रिय करायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: फवारायचं काय? माझ्या अनुभवात बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा बुडापासून होते. त्यामुळे फवाऱ्याचा पंप उचलायच्या आधी खोडाशी बसून माती उकरून बघा.

ताण बसत नाही

आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, आपण नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडतो आणि जानेवारीत पुन्हा सुरू करतो. या ताणात झाडाची वाढ थांबते, काडीत अन्न साठतं आणि मग फूल एकदम येतं. सेंद्रिय बागेत इथेच घोळ होतो. उन्हाळ्यात जीव वाचवणारं उसाचं पाचट आणि सोयाबीनचं भुसकट आपण ताणातही तसंच राहू देतो. खाली ओल टिकते, झाड हिरवंगार राहतं आणि जानेवारीत फुलाऐवजी नुसती पालवी फुटते. पाणी तोडताना आच्छादन ओळीच्या मध्ये ओढून घ्या आणि वखराची हलकी पाळी द्या. बागेत किंवा अगदी लगत कांदा-गव्हाला पाणी चालू असेल, तर ताणाची आशा सोडा. मुळं तिथवर पोहोचतात.

किती दिवस ताण द्यायचा, हे जमीन ठरवते. मुरमाड जमिनीत महिना-सव्वा महिन्यात काम होतं, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागतात. तारखेपेक्षा पानांवर भरवसा ठेवा. पानं फिकी पडून चौथाई-एक गळाली की पुरे. आजारी किंवा पाच वर्षांच्या आतल्या झाडाला ताण देऊच नका. विहीर तळाला गेलेली असेल तर त्या वर्षी बहार धरायचा नाही, झाड जगवायचं. 2012-13 च्या दुष्काळात या भागातल्या उभ्या बागा वाळलेल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

ताण तोडताना एकदम भरपूर पाणी सोडणं ही तितकीच मोठी चूक. आधी हलकी आंबवणी, मग थोडी जास्त चिंबवणी, त्यानंतर नेहमीची पाळी. आपले म्हातारे याच क्रमाने पाणी देत आले.

खोडातून डिंक येतो

ही चूक मी स्वतः केली आहे. पावसाच्या तोंडावर अर्धवट कुजलेलं शेणखत थेट खोडाला टेकवून भरलं. श्रावणात नऊ झाडांच्या खोडांवर डिंक दिसला आणि त्यातली दोन झाडं गेली. आजही त्या दोन रिकाम्या जागांजवळून जाताना वाईट वाटतं. कच्च्या खताने हुमणीही (मुळं खाणारी अळी) येते, ते वेगळंच.

खत आणि जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण) खोडाशी नाही, फांद्यांच्या घेराखाली द्यायचं. खाणारी बारीक मुळं तिथे असतात. ठिबकच्या नळ्याही झाड वाढेल तशा बाहेर सरकवा. पाटपाणी असेल तर दुहेरी आळं करा, म्हणजे पाणी खोडाला लागणार नाही. कलमाचा जोड मातीखाली गाडला जाऊ देऊ नका.

डिंक दिसलाच तर सडलेली साल धारदार चाकूने खरवडून बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद (तांब्याचं निळं मीठ), 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडी नको. पेस्ट त्याच दिवशी वापरून संपवा. पावसाआधी आणि पावसानंतर सगळ्याच खोडांना जमिनीपासून सुमारे तीन फुटांपर्यंत ती लावावी. सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र घेतलेलं असेल तर तांब्याच्या वापराची मर्यादा आधी विचारून घ्या.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत हे होतंच. नवी बाग लावणाऱ्याने आधी माती तपासावी.

पिकत आलेली फळं गळतात

ऑगस्टपासून आंबे बहाराच्या फळांवर बारीक छिद्र दिसतं, दाबलं की रस येतो आणि फळ गळतं. हे रात्री येणाऱ्या रस शोषणाऱ्या पतंगाचं काम. त्याच्या अळ्या बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढतात, त्यामुळे बागेलगतच्या त्या वेली काढा. गुळवेल औषधी आहे खरी, पण ती घराजवळ लावा. गळलेली फळं झाडाखाली ठेवू नका, त्यांच्या वासाने आणखी पतंग येतात. रोज वेचून खड्ड्यात गाडा. आणि दिवेलागणीला वाऱ्याच्या बाजूने ओला-सुका पाला पेटवून बागेत धूर फिरू द्या.