सनद हातात आल्यावर: पक्षकाराचा पैसा, कागद आणि सही कशी सांभाळावी

वकिलीतली नीतिमत्ता हा पेपर आमच्याकडे शेवटच्या वर्षाला असतो आणि मुलं तो आदल्या रात्री वाचून काढतात. वकिलांच्या कायद्याचं (अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१) कलम ३५, शिस्तपालन समिती, चार निकालांची नावं. पास व्हायला तेवढं पुरतं. मी सोलापूर जिल्ह्यात दिवाणी आणि भूसंपादनाची कामं करते आणि सकाळच्या वेळात हा पेपर शिकवते. माझ्या पाहण्यात वकिलाविरुद्ध तक्रार होते ती अगदी साध्या गोष्टींवरून: पैशाची पावती दिली नाही, फाईल अडवून ठेवली, नाहीतर पक्षकाराला सोडून त्याच्या भावाचं ऐकलं. तेव्हा खालच्या सवयी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्याच्या पहिल्या महिन्यातच लावून घ्या. पुढे कामं वाढली की कोणीही नवीन वही घालत नाही.

हिशेबाची वही

तारखांची डायरी सगळेच ठेवतात. तिच्यासोबत हिशेबाची एक वही घाला आणि प्रत्येक पक्षकाराला एक पान द्या. बार काउन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेचे नियम पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवायला सांगतातच. शिवाय आलेला पैसा फीचा की खर्चाचा, हे नोंदीत वेगळं दिसायला हवं. पक्षकाराने मागितली तर हिशेबाची प्रतही द्यावी लागते.

नोंद कशी करायची? समजा पक्षकाराने पाच हजार रोख दिले आणि म्हणाला, "ठेवा मॅडम, लागेल तसं वापरा." हे वाक्य धोक्याचं आहे. तिथल्या तिथे विचारा: फी किती, खर्च किती? मग लिहा: "३,००० फीपैकी. २,००० खर्चासाठी." खर्चाच्या बाजूला एकेक ओळ येऊ द्या: कोर्ट फी स्टॅम्प, वकालतनाम्यावरचा कल्याण निधीचा स्टॅम्प, टायपिंग, नोटरी, प्रोसेस फी, नकलेचा खर्च. खाली शिल्लक. पैसे घेतानाच पावती फाडा आणि तिचा फोटो पक्षकाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. कारकून पैसे घेत असेल तर पावतीपुस्तक त्याच्या हातात द्या, नुसत्या विश्वासावर सोडू नका.

"इतर खर्च" असा रकाना मात्र घालू नका. त्या रकान्यात काय जातं ते कोर्टाच्या आवारात सगळ्यांना माहीत आहे. पक्षकाराला नाव घेऊन सांगता येत नाही तो खर्च करायचाच नाही.

टक्केवारी

आमच्या भागात उजनीचं पाणी आलं, कालवे आले, गावोगाव पाझर तलाव झाले, आता रस्ते रुंद होताहेत. यात जमीन गेलेल्यांच्या वाढीव मोबदल्याच्या मॅटरमध्ये पक्षकार पहिल्याच भेटीत म्हणतो, "आत्ता हातात काही नाही. निघतील त्यातले दहा टक्के तुमचे." त्याला यात काही गैर वाटत नाही, त्याच्या चुलत्याने असंच काम दिलेलं असतं. अपघात भरपाईच्या दाव्यांतही हाच रिवाज.

बार काउन्सिलचा नियम २० सांगतो की निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही आणि वसुलीत वाटाही घ्यायचा नाही. हे आजचं नाही. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका वकिलाचं प्रकरण आलं होतं, निकालात त्यांचा उल्लेख फक्त 'मिस्टर जी' असा आहे. वसुलीतली निम्मी रक्कम घेण्याचा लेखी करार त्यांनी पक्षकाराशी केला होता. इतर कोणत्याही धंद्यात असा करार चालला असता. वकिलाला तो चालत नाही, हे तेव्हाच ठरलं.

मग करायचं काय? फी आकड्यात बोला आणि टप्प्यांनी घ्या: रेफरन्स (वाढीव मोबदल्याचा अर्ज) दाखल करताना इतके, पुरावा सुरू झाला की इतके, युक्तिवादाच्या आधी इतके. माणूस खरंच अडलेला असेल तर कमी घ्या, उशिरा घ्या, सोडून द्या. आकडा मात्र निकालावर हलता कामा नये. हरला तरी तोच, जिंकला तरी तोच. एका कागदावर मराठीत चार ओळी लिहा, त्याची सही घ्या, एक प्रत त्याला द्या. सही केलेला कोरा चेक किंवा कोरा स्टॅम्प पेपर कोणी पुढे केला तर तो परत करा.

कोर्टात जमा झालेली रक्कम काढायच्या अर्जातच लिहा की ती अर्जदाराच्या बँक खात्यात थेट जमा व्हावी, आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडा. पैसा तुमच्या हातून गेलाच नाही तर निम्मी भांडणं उरत नाहीत. कधी तुमच्याकडे आलाच, तर त्याच दिवशी पक्षकाराला लेखी कळवा.

बहिणीची सही, भावाचा फोन

या भागावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण पुस्तकात तो एका ओळीत आहे. पक्षकार किंवा त्याने अधिकार दिलेला माणूस, यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या सूचनेवर वकिलाने काम करू नये, असं नियम १९ म्हणतो. आता वाटपाचा दावा बघा.

बहीण येते ती भावाच्या गाडीवर बसून. पुढच्या खुर्चीत भाऊ, बाजूला ती, हातात आधारकार्डाची झेरॉक्स. बोलतो तोच. "हिची पण सही घेऊन टाका मॅडम, घरातलीच आहे." तुम्ही वकालतनामा पुढे सरकवला, तिने सही केली की ती तुमची पक्षकार झाली. पुढे तीन वर्षं फोन भावाचा येतो, तारखेला भाऊ येतो, आणि एके दिवशी तडजोड पुरसीसवर (कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनावर) तिची सही लागते. त्यात तिने हिस्सा सोडलेला असतो.

महाराष्ट्राने १९९४ मध्येच एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरता. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सगळ्या मुलींना मिळाला, आणि वडील तेव्हा हयात होते की नव्हते हा वाद २०२० च्या विनीता शर्मा निकालाने संपवला. म्हणजे खुर्चीत गप्प बसलेल्या त्या बाईचा कायद्याने भावाइतकाच हिस्सा आहे, आणि तुम्ही तिचेही वकील आहात.

म्हणून भावाला म्हणा, "दादा, जरा बाहेर चहा घेऊन या." तो घुटमळतो. पुन्हा सांगा. मग ताईंना साध्या भाषेत विचारा: हा दावा कशाचा आहे, माहीत आहे का? तुम्हाला तुमचा हिस्सा हवा आहे का? काही ठरवायची वेळ आली तर मी कोणाला फोन करू? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जणी "दादालाच करा" म्हणतात. हरकत नाही, पण ते तिच्या सहीने कागदावर घ्या आणि तिचा स्वतःचा नंबरही लिहून ठेवा. नंबर नवऱ्याचा असेल तर तसं लिहा. हिस्सा सोडायचा किंवा तडजोड करायची, तर दादाचा फोन चालणार नाही, हे तेव्हाच दोघांना सांगा.

आणि ती म्हणाली, "मला हवाय माझा वाटा, पण यांच्यासमोर बोलू नका"? मग तुम्ही दोघांचे वकील होऊ शकत नाही. दोघांचंही ऐकून बसला असाल तर सहसा दोघांचंही काम सोडावं लागतं, कारण एकाने विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्यासाठी वापरणार नाही, याची खात्री तुम्हाला स्वतःलाही देता येत नाही. भावाला कारण सांगू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने पक्षकाराचं बोलणं तुमच्याकडे बंद असतं आणि तुमच्या कारकुनालाही ते लागू आहे. "मला हे काम घेता येणार नाही," एवढं पुरे. ताईंना तालुका विधी सेवा समितीचा पत्ता द्या. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

तडजोड लोकअदालतीत होणार असेल तर आणखी जपा. तिथल्या निवाड्याला अपील नाही. पुरसीस मराठीत, हळू, पूर्ण वाचून दाखवा, आणि गट नंबर व क्षेत्र तिच्या तोंडून वदवून घ्या. याला पंधरा मिनिटं लागतात. बाहेर भाऊ घड्याळ बघतो, बघू द्या.

याच कारणासाठी नावांची एक यादी ठेवा, गाववार. तालुक्याच्या गावी सगळे एकमेकांचे पाहुणे असतात. ज्याला पूर्वी नोटीस वाचून सल्ला दिला, त्याच्याच विरुद्ध त्याच वादात उभं राहता येत नाही, मग त्याने फी दिलेली असो वा नसो.

फाईल परत देताना

पक्षकाराने वकील बदलायचं ठरवलं आणि तुमची फी बाकी आहे. हात आपोआप फाईलवर जातो. तो काढा. मध्य प्रदेश राज्य सहकारी बँकेच्या एका सल्लागार वकिलांनी ९७,१०० रुपये येणं आहे म्हणून बँकेच्या फायली अडवल्या. आर. डी. सक्सेना प्रकरण म्हणून ते गाजलं. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की फीसाठी फाईल अडवायचा हक्क वकिलाला नाही, आणि अडवणं हे गैरवर्तन आहे. बार काउन्सिलने त्यांना निलंबित केलं होतं; तोवर कायदा स्पष्ट नव्हता म्हणून न्यायालयाने शिक्षा ताकिदीवर आणली. आता तो आधार कोणाला मिळणार नाही. फीसाठी रीतसर दावा लावा, फाईल द्या.

देताना पानांना नंबर घाला, कागद यादी करा, मूळ कागद कोणते आणि झेरॉक्स कोणत्या ते लिहा, खाली "वरील सर्व कागद मिळाले" अशी सही घ्या. मूळ खरेदीखत तर ऑफिसात ठेवूच नका. दाखवायला आणलं, फोटो काढला, परत. कोर्टात दाखल करायचं त्या दिवशीच पुन्हा आणायला सांगा.

उलट बाजूने, दुसऱ्याचा पक्षकार तुमच्याकडे आला तर आधी त्या वकिलांची ना हरकत वकालतनाम्यावर घ्या. ते देत नसतील तर कारण लिहून कोर्टाकडे परवानगीचा अर्ज द्या. बाररूममध्ये त्यांच्याबद्दल बोलून काही होत नाही.

जाहिरात

मुंबईच्या पोलीस कोर्टाच्या दारात पक्षकारांवर झडप घालणाऱ्या वकिलांचं दाभोलकर प्रकरण १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. ते वाचताना मुलं हसतात. मग मी त्यांना त्यांच्याच सीनियरचे रील दाखवते. आजही जाहिरात बंदच आहे. २००८ पासून वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी ठरलेली माहिती देता येते. कायदा समजावणारा व्हिडिओ करा, पण खाली "जामिनासाठी संपर्क" लिहू नका.

शिकवणाऱ्यांसाठी

वकिली करत कायदा शिकवता येतो, दिवसाला तीन तासांच्या आत. पूर्णवेळ पगारी प्राध्यापक असाल तर सनद चालू ठेवून कोर्टात उभं राहू नका. वर्गात स्वतःच्या मॅटर सांगताना नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, गट नंबर, मिळकतीचा आकारही बदला. तालुक्यात "पाच एकर ऊस आणि तीन बहिणी" एवढ्यावर कुटुंब ओळखू येतं.

नियमांचे नंबर पाठ करून घेण्यापेक्षा मुलांना एक गचाळ फाईल द्या: पावत्या मिसळलेल्या, दोन पक्षकारांचे पैसे एकत्र, एक मूळ कागद गहाळ. तासाभरात हिशेब मांडायला सांगा. दुसऱ्या तासाला वर बहिणीचा प्रसंग दिला आहे तो करून घ्या. भावाचं काम मुलं फार छान करतात, त्यांना शिकवावं लागत नाही.

आणि हजेरी. कायद्याच्या शिक्षणाचे २००८ चे नियम ७० टक्के म्हणतात. न आलेल्या मुलाची हजेरी मांडून त्यालाच खोट्या प्रतिज्ञापत्रावरचा धडा शिकवायचा, हे मला जमत नाही. निकालाआधी फोन येतात, कधी वकीलमंडळींचेच येतात.

ज्युनियर ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बार काउन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मासिक विद्यावेतनाची शिफारस केली. आमच्याकडे किती सीनियर देतात, विचारू नका. ज्याला घरभाड्याची विवंचना आहे त्या पोराकडून वरच्या सगळ्या वह्यांची अपेक्षा करताना हेही ध्यानात असू द्या.

तक्रार आलीच तर

कलम ३५ खाली राज्य बार काउन्सिलकडून नोटीस येते. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार काउन्सिल. पक्षकाराला फोन करू नका, गावातला मध्यस्थही पाठवू नका. तो फोन पुढे दुसरी तक्रार होतो. हिशेबाचं पान, पावत्या, रोजनाम्याच्या (कोर्टाच्या रोजच्या नोंदींच्या) नकला, फाईल दिल्याची सही एकत्र लावा. तक्रारीतल्या प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर द्या. "मजकूर खोटा आहे" एवढंच लिहिलं तर कोणी ऐकत नाही. स्वतःचं उत्तर स्वतः लिहू नका, दुसऱ्या वकिलाकडून लिहून घ्या. तक्रार फेटाळली जाते, ताकीद मिळते, ठरावीक काळासाठी सनद निलंबित होते किंवा नाव पटावरून काढलं जातं. राज्य काउन्सिलने एका वर्षात निकाल दिला नाही तर प्रकरण बार काउन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. निकाल विरुद्ध गेला तर आदेश कळल्यापासून ६० दिवसांत तिथेच अपील, आणि तिथून पुढे तेवढ्याच मुदतीत सर्वोच्च न्यायालयात. आदेशाचं पाकीट ज्या दिवशी हातात पडेल, त्या दिवशी शेवटची तारीख डायरीत लिहा आणि पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का फाडू नका.